गाळ्यातली गॅसची टाकी: टेम्पोतून उतरवण्यापासून रिकामी परत देईपर्यंत

नाशिकमधल्या अंबडच्या किंवा सातपूरच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या गाळ्यात शिरा. कोपऱ्यात तीन टाक्या दिसतात: काळी ऑक्सिजनची, मरून रंगाची डीए म्हणजे अ‍ॅसिटिलीनची, आणि कटिंगचा खर्च कमी व्हावा म्हणून आणलेली १९ किलोची एलपीजी. बहुतेक ठिकाणी तिघी एकाच साखळीत बांधलेल्या असतात. नसल्या तर कशालाच बांधलेल्या नसतात. टाकीचं पोलाद तपासून, दाबाची चाचणी होऊनच बाजारात येतं. घोळ होतो तो व्हॉल्व्हच्या पुढच्या दोन फुटांत, म्हणजे वॉशर, नट, रेग्युलेटर आणि पाईपच्या क्लिपेत, आणि टाकी उभी केलेल्या जागेत. या दोन्ही गोष्टी वापरणाऱ्याच्याच हातात असतात.

तिघींचे तीन स्वभाव

एलपीजी टाकीत द्रवरूपात असते. एक लिटर द्रव बाहेर पडला की त्याचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, त्यामुळे तो जमिनीलगत सरपटतो आणि गटारात, पिटात, तळघरात जाऊन बसतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगी पुरते. हिशोब करून बघा. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत साधारण २८ घनमीटर हवा असते. ती सगळी पेट घेण्याजोगी व्हायला एक-सव्वा किलो गॅस पुरतो. गॅस खालीच साचत असल्यामुळे प्रत्यक्षात धोका त्याच्या कितीतरी आधीच तयार होतो.

अ‍ॅसिटिलीनचं उलटं. ते हवेपेक्षा किंचित हलकं, वर चढणारं. हवेत अडीच टक्के असलं तरी पेटतं आणि ऐंशी टक्के असलं तरी पेटतं. त्याची खरी खोड मात्र दुसरीच आहे: मोकळं अ‍ॅसिटिलीन दाबाखाली ऑक्सिजनची वाट न बघता स्वतःच फुटू शकतं. म्हणून डीएच्या टाकीत आतून सच्छिद्र भरणा असतो, त्यात अ‍ॅसिटोन मुरवलेलं असतं आणि अ‍ॅसिटिलीन त्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं असतं. रेग्युलेटरच्या पुढे त्याचा दाब एक किलोच्या (म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या) वर कधीच न्यायचा नाही, हा नियम त्यातूनच आला.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जाळतो. साधारण १५० किलो दाबाचा शुद्ध ऑक्सिजन ग्रीसला किंवा तेलाला लागला की काडी न ओढताही भडका होतो. गंज चढलेल्या रेग्युलेटरच्या नटाला ‘जरा ऑइल मार’ म्हणणारा मिस्त्री प्रत्येक गाळ्यात एक तरी असतो. त्याला आधी आवरा.

टेम्पो आला की

बिलावर सही करायच्या आधी पाच मिनिटं टाकीजवळ बसा. एलपीजीच्या टाकीला वरच्या कड्याला धरणाऱ्या तीन पट्ट्या असतात. त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी-२८’ असेल तर त्या टाकीची पुढची चाचणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी घेऊ नका, परत करा. दुसऱ्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन असतं. त्यात १९ किंवा १४.२ मिळवा आणि काट्यावर ठेवून बघा. वजन कमी भरलं तर पैसे गेले. जास्त भरलं तर ते त्याहून वाईट, त्याचं कारण पुढे येईलच.

आता सील काढा, टोपी उचला आणि मोबाईलच्या टॉर्चने व्हॉल्व्हच्या तोंडात बघा. आत काळी रबरी रिंग दिसली पाहिजे, अखंड आणि मऊ. ती चिरलेली, चपटी झालेली किंवा गायब असेल तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसवला तरी गॅस बाजूने येणारच. टोपी काढल्यावर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब तोंडात टाका. बुडबुडा फुगला तर व्हॉल्व्हच गळतोय. टोपी परत लावा, टाकी मोकळ्या हवेत उभी करा आणि त्याच टेम्पोत परत पाठवा.

उतरवण्याची आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे खाली जुनं टायर टाकायचं आणि टेम्पोतून टाकी त्यावर आपटायची. ही पद्धत बंद करा. डीएच्या टाकीला असे धक्के बसले की आतला भरणा ढासळतो आणि पोकळी तयार होते. त्या पोकळीत दाबाखालचं मोकळं अ‍ॅसिटिलीन साचतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. ऑक्सिजनच्या टाकीचं भय वेगळं. आपटून व्हॉल्व्ह मोडला तर साठ किलोंच्या वरचं ते धूड बाणासारखं सुटतं आणि विटांची भिंत पार करतं. फळी लावा, दोघांनी धरा, व्हॉल्व्हवरची लोखंडी टोपी घट्ट असल्याची खात्री करा. त्या टोपीला हुक अडकवून मात्र टाकी उचलू नका, ती वजन पेलायला केलेली नाही. गाळ्यात फिरवायला दोन चाकांची, साखळी असलेली ट्रॉली ठेवा. मोटारसायकलवर टाकी नेणं तर गॅस सिलिंडर नियमांतच मना आहे, मग ती पाच किलोची का असेना.

डीएची टाकी प्रवासात आडवी झाली असेल तर लगेच जोडू नका. अ‍ॅसिटोन व्हॉल्व्हपाशी आलेलं असतं. ती उभी करून काही तास ठेवा. रात्रभर ठेवली तर उत्तम.

जागा

नाशिकच्या मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याखालची हवा त्याहून तापते. टाकीचं अंग ५० अंशांच्या वर जाता कामा नये. म्हणून साठ्याची जागा गाळ्याच्या बाहेर, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीलगत करा. जमिनीपासून चार-सहा इंच उंच कोबा, तीन बाजूंनी जाळी, वर हलकं छप्पर, कुलूप. कोबा उंच हवा, कारण पावसाळ्यात पाणी साचलं की टाकीचं खालचं कडं गंजतं, आणि गंज आधी तिथेच सुरू होतो जिथे कुणी बघत नाही. जाळीच्या आसपास गटाराचं झाकण, केबलचा चर, कंप्रेसरचा पिट नको. बंद खोलीतच ठेवायची वेळ आली तर एलपीजीसाठी झरोके जमिनीलगत हवेत आणि डीएसाठी छताजवळ. पुष्कळ गाळ्यांत खिडकीच्या उंचीवर एक एक्झॉस्ट फॅन असतो आणि ‘व्हेंटिलेशन आहे’ असं सांगितलं जातं. तो पंखा दोन्ही गॅसच्या मधल्या हवेत फिरतो, दोघींच्याही कामाचा नाही.

ऑक्सिजन आणि जळणारे गॅस यांच्यात सहा मीटर अंतर ठेवा. एवढी जागा नसेल तर मध्ये पाच फूट उंचीची विटांची भिंत घाला. लाकडी फळी किंवा ताडपत्री ही भिंत नव्हे. कामावर असलेल्या ट्रॉलीवर दोन्ही टाक्या शेजारी असतात ते ठीक, हा नियम साठ्याचा आहे. भरलेल्या एकीकडे, रिकाम्या दुसरीकडे, आणि रिकामीवर खडूने मोठा ‘रि’. प्रत्येक टाकीला उंचीच्या दोन तृतीयांशावर साखळी. डीए आणि एलपीजी कायम उभ्याच ठेवा, आडव्या रचू नका.

परवान्याबद्दल गोंधळ फार असतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय एका वेळी एलपीजी १०० किलोपर्यंत आणि डीए ५० टाक्यांपर्यंत ठेवता येते. म्हणजे १९ किलोच्या पाच टाक्या (९५ किलो) चालतील, सहावी आली की पेसोच्या, म्हणजे स्फोटकं आणि गॅस टाक्यांचे परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याच्या, परवान्याचा विषय सुरू. पेसोचं मुख्यालय नागपुरात आहे.

जोडणी

पाईप रंगावरून ओळखा: ऑक्सिजनला निळा, डीएला लाल, एलपीजीला नारिंगी. डीएचा लाल पाईप एलपीजीला लावायचा मोह आवरा. एलपीजी साध्या रबराला आतून खाते, पाईप फुगतो, मऊ पडतो आणि क्लिपेपाशी चिरतो. नोझलचंही तसंच. डीएचं नोझल सहसा एकाच तुकड्याचं असतं, एलपीजीचं दोन तुकड्यांचं. अदलाबदल केली की ज्योत टिकत नाही, मग पोरगं दाब वाढवत बसतं.

जळणाऱ्या गॅसचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होणारे, आणि नटाच्या कोपऱ्यांवर खाचा असतात. नट हाताने बसत नसेल तर तो चुकीचा आहे. पान्याने रेटू नका, टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. हा जोड धातूवर धातू किंवा वॉशरवर बसतो, टेप फक्त गळती लपवते.

जुन्या नाशकात तांब्या-पितळेची कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, त्यामुळे इथे तांब्याच्या नळीचा तुकडा चुटकीसरशी मिळतो. पाईप फाटला की तोच तुकडा सांधा म्हणून घातला जातो. एलपीजीला एक वेळ चालेल, डीएला अजिबात नाही. तांब्याच्या पृष्ठभागावर अ‍ॅसिटिलीनचा कॉपर अ‍ॅसिटिलाइड नावाचा थर तयार होतो. तो वाळला की नुसत्या घर्षणाने स्फोट होतो. डीएच्या मार्गात शुद्ध तांबं किंवा तांब्याचं प्रमाण जास्त असलेला मिश्रधातू नको. पितळेचा सांधासुद्धा डीएसाठी म्हणून विकला जातो तोच घ्या.

रेग्युलेटरच्या पुढे दोन्ही पाईपांवर फ्लॅशबॅक अरेस्टर आणि कटिंग टॉर्चच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. ही दोन वेगळी उपकरणं आहेत. नॉन-रिटर्न उलटा येणारा गॅस थांबवतो, आत शिरलेली ज्योत थांबवत नाही. ते काम अरेस्टरचं.

मग साबणाचं पाणी. साध्या लिक्विड साबणाचा फेस ब्रशने नटावर चारी बाजूंनी लावा आणि अर्धा मिनिट थांबा. मोठी गळती लगेच फसफसते. बारीक गळतीला एकच टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा नटाच्या खालच्या कडेला धरतो, वाढतो, फुटतो आणि तिथेच पुन्हा उगवतो. घाईत तो सुटतो, कारण सगळे वरूनच बघतात. काडी पेटवून गळती शोधणाऱ्याला गाळ्यात ठेवू नका.

उघडणं, चालवणं, बंद करणं

रेग्युलेटरचा स्क्रू आधी पूर्ण सैल करा. तो घट्ट असताना टाकी उघडली तर सगळा दाब एकदम डायफ्रामवर येतो. गेजच्या समोर उभं राहू नका, बाजूला व्हा. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. झटका दिला तर आत दाबली गेलेली हवा तापते आणि रेग्युलेटरच पेटतो. डीएचा व्हॉल्व्ह पाऊण ते एक फेरा पुरे, दीडच्या वर कधीच नाही, आणि किल्ली स्पिंडलवरच राहू द्या. आग लागली की किल्ली शोधायला वेळ नसतो. कित्येक गाळ्यांत ती ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेली असते.

दाब नोझलच्या तक्त्याप्रमाणे. दहा-बारा मिलिमीटरच्या प्लेटला ऑक्सिजन साधारण दोन ते तीन किलो, डीए पाव किलोच्या आसपास. पेटवण्याआधी दोन्ही पाईप एकेक करून काही सेकंद मोकळे सोडा, म्हणजे आतलं जुनं मिश्रण निघून जाईल. सकाळचे बहुतेक बॅकफायर, म्हणजे ज्योत फटकन टॉर्चच्या आत उलटणं, हे टाळल्यामुळे होतात. आधी जळणारा गॅस उघडा, स्पार्क लायटरने पेटवा, मग ऑक्सिजन द्या. बंद करताना टॉर्चवर आधी जळणारा गॅस, मग ऑक्सिजन. त्यानंतर दोन्ही टाक्या, मग पाईप रिकामे, मग स्क्रू सैल.

एक अपवाद ध्यानात ठेवा. टॉर्चच्या आतून शिट्टीसारखा आवाज आला आणि दांडा तापायला लागला, तर ज्योत आत शिरली आहे आणि ती ऑक्सिजनवर जगते. तेव्हा आधी ऑक्सिजन बंद, लगेच दुसरा, मग दोन्ही टाक्या. पाईप आणि अरेस्टर तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

डीएच्या टाकीतून तासाला तिच्या एकूण गॅसच्या सातव्या हिश्श्याहून जास्त ओढू नका, लांब सलग काम असेल तर दहाव्या हिश्श्यावर या. मोठ्या हीटिंग नोझलला एक टाकी पुरत नाही आणि लोक तरी ओढत राहतात. मग गॅसबरोबर अ‍ॅसिटोन यायला लागतं: ज्योत थुंकते, रंग जांभळट होतो, पाईप आतून ओला लागतो. दोन-तीन टाक्या मॅनिफोल्डवर, म्हणजे एकाच सामाईक नळीवर, जोडा.

थंडीची खोड आणि उन्हाळ्याची

निफाडच्या बाजूला पारा एका आकड्यात उतरतो तेव्हा नाशकातल्या एलपीजीच्या टाक्याही मरगळतात. टाकी निम्मी असते, पण दाब नसतो, अंगावर पांढरं दव धरतं. कारण साधं आहे. द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते, ती टाकी भोवतालच्या हवेतून घेते, आणि हवाच गार. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, पण ब्युटेनला शून्याच्या आसपास जडपणा येतो. अशा वेळी टाकी घंघाळातल्या उकळत्या पाण्यात ठेवणं, खाली शेगडी लावणं, आडवी पाडणं हे तिन्ही प्रकार सर्रास चालतात. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये जातो आणि बर्नरवर पुरुषभर ज्योत उठते. उपाय एकच: दोन टाक्या एकत्र जोडा, म्हणजे प्रत्येकीवरचा भार निम्मा होतो.

उन्हाळ्यातला धोका जास्त भरलेल्या टाकीचा. एलपीजीचा द्रव तापला की चांगलाच फुगतो, म्हणून कारखान्यात भरताना वर रिकामी जागा सोडतात. १४.२ ची टाकी उलटी टांगून छोट्या टाकीत गॅस उतरवणाऱ्याकडे ती जागा सोडायचं मापच नसतं. टाकी काठोकाठ भरली की मेच्या दुपारी द्रवाला फुगायला वाव राहत नाही आणि दाब पोलादावर येतो. वजन जास्त भरलं तर घाबरा, असं वर म्हटलं ते यासाठी. हे उतरवणं बेकायदा आहे, आणि घरगुती टाकी धंद्याला वापरणंसुद्धा.

मिसळीची भट्टी आणि मांडव

मिसळीच्या हॉटेलात टाक्या भट्टीखालीच सरकवलेल्या असतात, कारण जागा नसते. त्या बाहेरच्या जाळीत ठेवा, पक्क्या लोखंडी पाईपलाईनने आत आणा, आणि भट्टीपाशी हाताला येईल अशा ठिकाणी बंद करायची चावी बसवा. रबरी पाईप शेवटच्या टप्प्यालाच, शक्य तितका आखूड, आयएस ९५७३ छापलेला. छापलेली मुदत संपली की बदला. कट वाहतो, तेल उडतं, उंदीर कुरतडतात, त्यामुळे मुदतीआधीही वाकवून बघत जा, बारीक भेगा वाकवल्यावरच दिसतात.

२०२७ च्या सिंहस्थात अन्नछत्रं आणि स्टॉल कापडी मांडवात लागतील. टाक्या मांडवाच्या बाहेर, सावलीत, सपाट जागेवर. राखीव टाक्या शेगडीपासून लांब, आणि चालू टाकी बदलताना शेजारची शेगडीसुद्धा बंद.

वास आला तर

एलपीजीला मुद्दाम एथिल मरकॅप्टनचा कुबट वास दिलेला असतो, डीएला लसणासारखा वास येतो. वास आला की टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा, आणि विजेच्या बटणाला हात लावू नका. बंद असलेलं चालू करू नका आणि चालू असलेलंही बंद करू नका, दोन्हीत ठिणगी पडते. मेन बाहेर असेल तर बाहेरून पाडा. १९०६ हा एलपीजी गळतीचा नंबर, अग्निशमनाचा १०१.

गळतीच्या तोंडाशी छोटी ज्योत असेल तर ओलं गोणपाट हातावर घेऊन व्हॉल्व्ह बंद करा. व्हॉल्व्ह बंद होत नसेल तर ती ज्योत विझवू नका. विझवली तरी गॅस येतच राहतो, खोली भरतो आणि मग एकदम पेटतो. जळू द्या, आजूबाजूच्या टाक्यांवर लांबून पाणी मारा, माणसं बाहेर काढा. आगीत तापलेली एलपीजीची टाकी फुटते तेव्हा आतला सगळा द्रव एका क्षणात वायू होतो. त्या आवाक्यात उभं राहून काहीच करता येत नाही. पावडरचा अग्निशामक दाराजवळ ठेवा, टाक्यांजवळ नको. टाक्यांजवळच आग असेल तर तिथवर पोचणार कोण?

डीएची टाकी आगीत सापडली, किंवा बॅकफायरनंतर तिच्या अंगाला हात लावून गरम लागली, तर आग विझली तरी ती सुरक्षित नसते. आतलं विघटन शांतपणे चालू राहतं आणि तासाभराने फुटू शकते. व्हॉल्व्ह बंद करता आला तर करा, गाळा रिकामा करा, आडोशामागून भरपूर पाणी मारत राहा. टाकी हलवू नका, ट्रॉलीवर चढवू नका. अग्निशमनवाल्यांना फोनवरच सांगा की डीएची टाकी आहे, म्हणजे ते त्या तयारीने येतील.

रिकामी परत देताना

टाकी पार कोरडी करू नका. अर्धा-एक किलो दाब शिल्लक असतानाच बंद करा. उघडी, दाब नसलेली टाकी रात्रीच्या गारव्यात बाहेरची हवा आत ओढते आणि पुढच्या भरण्यात तीच हवा गॅसबरोबर राहते. व्हॉल्व्ह बंद, टोपी लावलेली, ‘रि’ लिहिलेलं, आणि उभीच. रिकामी म्हणून आडवी लोळवलेली एलपीजीची टाकी हातात उचलून हलवून बघा. तळाशी द्रव हिंदकळत असेल तर ती अजून रिकामी झालेली नाही, तिला भरलेल्यांच्या रांगेत उभी करा.